मदत हवी आहे: शाळकरी मुलांमधल्या चिंताविकाराचा कोणता आकडा पालकसभेत सांगावा?

शाळासमुपदेशक
पुण्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवी ते दहावीच्या पालकसभेसाठी टिपण करायचं आहे. पट ६००. चिंताविकाराचे तीन आकडे हाताशी आहेत: ३.६ टक्के, ६.५ टक्के आणि ३२ टक्के. पालकांपुढे कोणता ठेवावा? शिवाय, सगळ्या मुलांकडून चिंतेची लक्षणं मोजणारी ४१ प्रश्नांची 'स्केअर्ड' प्रश्नावली भरून घ्यायची आणि २५ किंवा जास्त गुण आलेल्यांच्या पालकांना चिठ्ठी पाठवायची, असा शाळेचा विचार आहे. हे बरोबर होईल का?

मापटं
तिन्ही आकडे खरे आहेत, पण प्रत्येकामागचा प्रश्न वेगळा आहे. ३.६ हा बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातला, १३ ते १७ वयाचा. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, तेव्हा 'आपल्या राज्यात इतकी मुलं' असं बोलू नका. ६.५ हा देशोदेशीचे अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये मांडलेला. ३२ अमेरिकेतला, १३ ते १८ वयाचा, आणि 'आजवर कधीतरी' असा मोजलेला. त्याच पाहणीत रोजचं जगणं गंभीरपणे अडलेली मुलं ८.३ टक्केच होती. कोविडकाळातला 'पाचातलं एक' हा आकडा लक्षणांच्या प्रश्नावल्यांवरचा आहे, निदानाचा नाही.

सभेत एवढंच सांगा: साठ जणांच्या वर्गात साधारण दोन ते चार मुलं. पालकांना वर्ग डोळ्यांपुढे आणता येतो, टक्का येत नाही.

चिठ्ठी मात्र पाठवू नका. हिशेब करून बघा. ६०० मुलांत ५ टक्के धरले तर ३० जणांना खरा विकार. समजा प्रश्नावली १०० पैकी ७० आजारी मुलं पकडते आणि १०० पैकी ७० निरोगी मुलांना बरोबर वगळते. मग ३० पैकी २१ सापडतील, पण उरलेल्या ५७० पैकी १७१ निरोगी मुलंही यादीत येतील. १९२ चिठ्ठ्या, त्यातल्या २१ खऱ्या. आणि ९ मुलं सुटलीच.

निंबोणी
मापटं यांच्याशी पूर्ण सहमत. प्रश्नावली ही चाळणी आहे, निदान नव्हे. गुण जास्त आले की समुपदेशकाने मुलाशी एकट्याने वीस-पंचवीस मिनिटं बोलावं. दोनच गोष्टी नीट तपासा: किती दिवस चाललंय आणि काय अडलंय. आईवडिलांपासून दूर होण्याच्या भीतीसाठी मुलांत किमान ४ आठवडे, सर्वसाधारण चिंताविकारासाठी ६ महिने. परीक्षेच्या आधीचे आठ दिवस पोटात गोळा येणं यात बसत नाही. म्हणून प्रश्नावली सहामाही परीक्षेच्या तोंडावर भरून घेऊच नका.

भाषांतर स्वतः करणार असाल तर एक शब्द सांभाळा. मराठीत 'काळजी' म्हणजे चिंताही आणि मायाही. 'मला आईबाबांची काळजी वाटते' यावर प्रेमळ मूल हमखास पूर्ण २ गुणांवर खूण करतं. तिथे 'आईबाबांना काहीतरी होईल असं सारखं मनात येतं' असं लिहा. 'घाबरट' तर कुठेच नको. सातवीतला मुलगा शेजारच्याने पाहू नये म्हणून तिथे शून्य लिहून मोकळा होतो.

शाळासमुपदेशक
मनापासून आभार, चिठ्ठीचा बेत रद्द. आणखी एक: दर सोमवारी पोटदुखी आणि शाळेला दांडी, अशी काही मुलं आहेत. त्यांचं काय करावं?

निंबोणी
आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ताप, वजन घटणं, झोपेतून उठवणारी दुखणी असतील तर चिंतेवर ढकलू नका. छातीत धडधड असेल तर दम्याच्या पंपाचा परिणाम आणि थायरॉईडचा त्रास विचारात घ्यावेच.

तपासणीत काही निघालं नाही तर हे समजून घ्या: दुखणं खरंच असतं, मूल नाटक करत नाही. घरी राहिलं की दहा मिनिटांत पोट दुखायचं थांबतं आणि मेंदू शिकतो, 'टाळलं म्हणून वाचलो'. पुढचा सोमवार आणखी जड जातो. म्हणून पायऱ्या करा. रिक्षाकाकांबरोबर फाटकापर्यंत, मग समुपदेशकाच्या खोलीत एक तास, मग आवडीचा एक तास वर्गात, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. प्रत्येक पायरीवर मुलाला भीती ० ते १० मध्ये सांगायला लावा. ८ वर असताना घरी पाठवू नका, निम्म्यावर उतरेपर्यंत तिथेच थांबा. तीच पायरी दोन-तीन दिवस करा, मगच वर.

गाडी बहुधा घरी अडकते. आजी म्हणते, 'राहू दे आजच्या दिवस', आणि दांडीच्या दिवशी मोबाईल हातात येतो. शाळेच्या वेळात घर कंटाळवाणं असावं. शिक्षा म्हणून नव्हे, फक्त शाळेपेक्षा मजेचं नको.

दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल तर बालमानसोपचार तज्ज्ञ. पुण्यातल्या ससून रुग्णालयात मनोविकार विभागाची ओपीडी आहे. ७ ते १७ वयाच्या ४८८ मुलांवरच्या २००८ च्या अमेरिकी अभ्यासात १२ आठवड्यांच्या वर्तनोपचाराने जवळपास ६० टक्के मुलं बरीच सुधारली, औषध जोडल्यावर जवळपास ८१ टक्के. औषधाचं नाव निघालं की पालक दचकतात. हा आकडा त्यांना जरूर दाखवा.

आणि बोलताना मुलाने 'मरावंसं वाटतं' म्हटलं, तर पायऱ्या बाजूला. त्याच दिवशी पालकांना बोलवा, मुलाला एकटं सोडू नका, रुग्णालयात न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही. तो क्रमांक शाळेच्या दर्शनी फलकावर आजच लावा.