निर्वासित पोरांना लाथा-बुक्क्या शिकवून काय साधणार?

सीमेवरचा: जॉर्डनच्या अझ्राक छावणीत सीरियातनं पळून आलेल्या पोरांना तायक्वांदो शिकवतात, मन सावरावं म्हणून. मला काय ते पटत नाही. डोळ्यांदेखत घर पडलंय त्याला परत मारामारीच शिकवायची? आधी शाळा, कागदपत्रं, पोटभर जेवण बघा की. आमच्या बेळगावातले क्लासवाले बेल्टच्या परीक्षेची फी कशी उकळतात ते बघितलंय, म्हणून जरा जास्तच तिडीक.

तालमीतला: पहिल्या दिवशी लाथ कोण शिकवतो गा? ज्युदोत, म्हणजे जपानी कुस्तीत, आधी पडायला शिकवतात. हनुवटी छातीला, हात गादीवर सपाट आपटायचा, डोकं टेकू द्यायचं नाही. दुसरी गोष्ट, खाली दाबलेल्यानं दोनदा थाप मारली की वरच्यानं सोडायचं, तिथल्या तिथं. ज्याचं ‘नको’ आजवर कुणी ऐकलं नाही त्या पोराला ही थाप केवढी मोठी! काँगोचा पोपोले मिसेंगा लहानपणी युद्धात घरच्यांपासून तुटला, ज्युदो शिकला आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकात निर्वासितांच्या संघातनं खेळला.

सीमेवरचा: बरं झालं नाव काढलंस. हरलं की प्रशिक्षक कोंडून ठेवायचे, हेही त्यानंच सांगितलंय. दहा जणांच्या संघातला एक दाखवून छावणीतल्या हजारोंचं काय सांगणार?

तालमीतला: तो दोष वस्तादाचा, ज्युदोचा नव्हे.

चिक्कोडीची बाई: पोराला वस्तादच दिसतो हो, ज्युदो कुठं दिसतो! आमच्या शाळेत हंगामात ऊसतोड टोळीची पोरं येतात. ती निर्वासित नव्हेत, मला माहीत आहे, पण गाव सुटलेलीच. मागच्या साली लाठीकाठी सुरू केली. एक पोरगा कुणाला पाठीमागं उभं राहू द्यायचा नाही, सारखा भिंतीला टेकून. दीड महिन्यानं मधल्या रांगेत आला. पुढच्याच आठवड्यात कारखान्याचा पट्टा पडला, गाळप संपलं, टोळी गेली. त्याची काठी अजून कपाटामागं आहे. शिकवावं की नको हा प्रश्नच नाही. मध्येच तुटलं तर त्याला काय वाटत असेल, ते मला कळत नाही.

सीमेवरचा: थापेचं मान्य, बाई. पण गणिताचा तास कापून नको.

चिक्कोडीची बाई: सुट्टीनंतर घेते. तालमीतले, पडायला शिकवायचं तर गाद्या नाहीत. मातीत चालेल का?

तालमीतला: चालेल की. खडे चाळून घ्या, मातीत कालवायला ताक आणि तेल मी आणतो.