मदत हवी आहे: १९१४ ची सैन्याची जमवाजमव खरंच थांबवता आली नसती का?

नमस्कार मंडळी. मी ठाण्याचा, नौपाड्यात राहतो, रेल्वेच्या कंट्रोलमधून निवृत्त झालोय. आमच्या कट्ट्यावर दर शनिवारी कुणीतरी एक विषय मांडतं. या खेपेला पहिल्या महायुद्धाच्या आधीचा आठवडा माझ्या गळ्यात पडलाय. साराजेव्होत झालेला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून, ऑस्ट्रियाचं २३ जुलैचं निर्वाणीचं पत्र, सर्बियाला दिलेली ४८ तासांची मुदत, इथवर ठीक. घोडं अडलंय रशियापाशी.

२९ जुलैला झारने संपूर्ण जमवाजमवीला मंजुरी दिली. जनरल दोब्रोरोल्स्की हुकूम घेऊन पीटर्सबर्गच्या तारघरात पोचले, तारा सुटायच्या बेतात होत्या, तेवढ्यात थांबा म्हणून निरोप आला. कैसरची, म्हणजे जर्मन सम्राटाची, तार वाचून झारने मन बदललं होतं. आता फक्त ऑस्ट्रियाविरुद्ध, कीव्ह, ओडेसा, मॉस्को आणि कझान या विभागांतच सैन्य जमवायचं ठरलं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी परराष्ट्रमंत्री साझोनोव्ह यांनी झारला राजी केलं आणि संपूर्ण जमवाजमवीचा हुकूम पुन्हा सुटला.

सेनापतींचा मुद्दा असा की आधी अंशतः केली, तर नंतर संपूर्ण करताना सगळा विचका होईल. हे मला पटतं. वॉर्सा विभाग ऑस्ट्रिया आणि जर्मनी दोघांनाही लागून, म्हणजे कसारा आणि कर्जत दोन्हीकडच्या गाड्या जिथून फुटतात ते आपलं कल्याण. ते वगळून एका बाजूचं टाइमटेबल चालवायचं आणि दोन दिवसांनी मधेच दुसऱ्या बाजूचं घुसवायचं? कुठलाही कंट्रोलर हात जोडेल.

जर्मनीचं मात्र पटत नाही. १ ऑगस्टला लंडनच्या जर्मन वकिलातीतून तार आली, कैसरला वाटलं इंग्लंड तटस्थ राहील. तो म्हणाला, सगळं सैन्य पूर्वेला, रशियाकडे वळवा. जर्मन सरसेनाध्यक्ष मोल्टकेने चक्क अशक्य म्हणून सांगितलं. अहो, पण पूर्वेकडच्या मोठ्या चढाईची वेगळी योजना जनरल स्टाफने १९१३ मध्येच बंद केली होती! गाड्यांचे पाथच (कुठली गाडी कुठल्या वेळी कुठून जाणार ते) आखले नाहीत तर अशक्यच असणार. यात रूळ आणि डबे कमी पडले की इच्छा, हा माझा खरा प्रश्न आहे.

तर जाणकारांनी सांगावं: रेल्वेच्या अंगाने, म्हणजे लाइनची क्षमता, रोजच्या गाड्या, रेक (डब्यांचे संच), याची नीट चर्चा कुठे वाचायला मिळेल? मराठीत असेल तर उत्तम, इंग्रजी चालेल. रशियाच्या तारखा देताना जुनं कॅलेंडर की नवं तेही लिहा. १३ दिवसांच्या फरकाने डोकं फिरलंय.

शनिवारच्या आत मिळालं तर बरं. आणि कृपा करून यूट्यूबच्या लिंका नकोत, कट्ट्यावरच्या मंडळींनी त्या सगळ्या आधीच फॉरवर्ड केल्यात.