शब्दचर्चा: गुणसूत्रबिंदूवरचं प्रथिन 'बांधतं', 'चिकटतं' की 'बसतं'?

जळगावहून, मूळ प्रश्न

मी इथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. अमळनेर तालुक्यातली माझी आत्या परवा रिपोर्ट घेऊन आली. थंडी पडली की तिची बोटं आधी पांढरी पडतात, मग निळी, म्हणून डॉक्टरांनी प्रतिपिंडांची तपासणी सांगितली होती. रिपोर्टात सगळ्या ओळी कोऱ्या, फक्त 'सेन्प-बी'पुढे तीन अधिकची चिन्हं. तिने विचारलं, "हाई सेन्प-बी काय शे व माय?"

मी म्हटलं, "गुणसूत्रबिंदूपाशी डीएनएला बांधणारं प्रथिन."

ती म्हणाली, "बांधस? कोनले बांधस?"

मला उत्तर देता आलं नाही. (गुणसूत्रबिंदू म्हणजे गुणसूत्राचा तो आवळलेला भाग, जिथे धरून पेशी विभागताना गुणसूत्रं ओढली जातात.) वाक्य तर आपण रोज वापरतो तसंच होतं. पण मराठीत बांधायचं म्हटलं की दोर आला, बांधणारा आला आणि ज्याला बांधायचं तोही आला. बैल दावणीला बांधतात, पेंढी बांधतात. पेशीत दोर कुठला? 'डीएनए-बंधक' म्हणावं तर कुणाला ओलीस ठेवल्यासारखं वाटतं. 'चिकटणारं' म्हटलं तर डिंकासारखं, दिसेल त्याला लागणारं. हे प्रथिन तसं नाही. डीएनएच्या एवढ्या मोठ्या लांबीत ते 17 अक्षरांची (म्हणजे डीएनएच्या रासायनिक घटकांची) एक ठरावीक ओळ शोधतं आणि तिथेच थांबतं. या क्रियेला आपल्याकडे शब्द असणारच. सुचवा.

धुळ्याहून

ताई, मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. 'गुणसूत्रबिंदू' आणि त्याच आवळलेल्या भागासाठीचा 'प्राथमिक संकुचन' हे दोन्ही शब्द पाठ्यपुस्तकातले, मुलांच्या तोंडी बसलेले. ते बदलायच्या भानगडीत पडू नये असं माझं मत. क्रियापदाचा विचार जरूर करा. मी वर्गात 'जोडलं जातं' म्हणायचो. आता तुमचा प्रश्न वाचल्यावर वाटतं, जोडणं दोन बाजूंनी सारखं असतं. डबा इंजिनाला जोडला की इंजिनही डब्याला जोडलं गेलं. इथे शोधणारा एकच आहे, ही गोष्ट 'जोडणे'त हरवते.

रावेरहून

सर, आदर ठेवून थोडं वेगळं सांगतो. 'बिंदू'चीही चर्चा व्हायलाच हवी. गुणसूत्रबिंदूचं मूळ इंग्रजी नाव सेन्ट्रोमिअर, ते सी. डी. डार्लिंग्टन यांनी 1936 मध्ये दिलं. त्यातल्या ग्रीक शब्दांचा अर्थ 'मध्य' आणि 'भाग'. म्हणजे मूळ नावात बिंदू नाहीच, तो आपण घातला. उलट मूळ नावातला 'मध्य' आपण टाकून दिला ते फार चांगलं केलं, कारण हा भाग दरवेळी मधोमध नसतो. म्हणून तर तुम्ही मुलांना मध्यकेंद्री, उपमध्यकेंद्री, अग्रकेंद्री, अंत्यकेंद्री असे प्रकार शिकवलेत.

पण माणसाचा हा 'बिंदू' केवढा असतो? सुमारे 171 अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा, एकापुढे एक येत जातो, आणि ती रांग काही लाख अक्षरांपासून काही दशलक्ष अक्षरांपर्यंत लांबते. त्यातल्या काही तुकड्यांत, सगळ्यांत नव्हे, ती 17 अक्षरं असतात. पाव फुगवायच्या यीस्टमध्ये हाच भाग जेमतेम सव्वाशे अक्षरांचा. त्याला खुशाल बिंदू म्हणा.

मी केळीवाला माणूस, म्हणून एक जोडतो. आपल्या बागेतल्या ग्रँड नैनच्या पेशीत 33 गुणसूत्रं असतात, 11 चे तीन संच. कंदातून मुनवा फुटताना ती नव्या पेशींत बिनचूक वाटली जातात, कारण प्रत्येकाला स्वतःचा गुणसूत्रबिंदू आहे. बी धरायची वेळ आली की तिघांच्या जोड्या लागत नाहीत, म्हणून केळीत बी नाही. केळीचा सेन्प-बीशी संबंध नाही, ते सस्तन प्राण्यांचं प्रथिन. पण हा भाग कशासाठी असतो ते बागेत उभं राहून समजतं.

नंदुरबारहून

सीमेपलीकडे गुजरातीत गुणसूत्राला 'रंगसूत्र' म्हणतात. 'क्रोमोसोम' या मूळ नावाचा अर्थ 'रंगीत देह' असल्यामुळे ते त्याला जवळचं. आणि पेशी विभागताना गुणसूत्रं ओढणारे जे तर्कुतंतू, त्यातला तर्कू म्हणजे आपली चरख्याची चाती. कपाशीच्या मुलखात चाती सोडून तर्कू का शिकवायचा, हे मला अजून पटलेलं नाही.

क्रियापदासाठी माझं मत 'धरणे'ला. खुंटा धरून ठेवतो तसं.

जळगावहून

दादा, 'धरणे' मलाही आवडलं होतं. पण खुंट्याचं काम सेन्प-बीचं नाही. पुरुषांच्या वाय गुणसूत्राच्या या भागात ती 17 अक्षरंच नाहीत. तिथे सेन्प-बी जात नाही, तरी वाय गुणसूत्र वाटलं जातं. हे प्रथिन मुळातच नसलेले उंदीरही जगतात. खरा खुंटा म्हणजे तिथलंच दुसरं प्रथिन, सेन्प-ए. सेन्प-बी त्याला आधार देतं, वाटणीतल्या चुका कमी करतं. 'धरणे' म्हटलं की हेच सुटलं तर सगळं सुटेल, असा अर्थ निघतो.

धुळ्याहून

मग 'बसणे' घ्या. किल्ली कुलपात बसते, झाकण डब्यावर बसतं. दुसरी किल्ली बसत नाही. बसण्यात नेमकी जागा आपोआप येते.

नंदुरबारहून

भाव बसले, घसा बसला, भिंत बसली. लोक तसाच अर्थ घेतील.

रावेरहून

नाही घेणार. 'वर बसतं' म्हटलं की भावाचा अर्थ येतच नाही. शिवाय सरांना माहीत असेल-नसेल, पण 'बसणे' फार आतपर्यंत बरोबर आहे. सेन्प-बी बसलं की त्या जागी डीएनए सुमारे 60 अंशांनी वाकतो. बाजेवर माणूस बसला की सुंभ वाकतो, तसं. बांधून, चिकटून, जोडून हे चित्र डोळ्यासमोर येत नाही. त्या 17 अक्षरांच्या जागेला मग 'बैठक' म्हणता येईल. भांड्याला बैठक असते तशी.

जळगावहून

'डीएनएवर बसणारं प्रथिन' आणि 'सेन्प-बीची बैठक'. दोन्ही घेतले. 'गुणसूत्रबिंदू' मी सरांच्या शब्दाखातर ठेवते, पण रावेरकरांचं म्हणणं मला पटलं आहे. जिथे जागा असेल तिथे मी 'गुणसूत्राची कंबर' लिहीन. कंबर भाग असते, बिंदू नसते, आणि संकुचनही तिच्यात आलं.

आत्याला काल फोनवर पुन्हा सांगितलं. म्हटलं, पेशीच्या आत सुताच्या लडी आहेत, प्रत्येक लडीला कंबर आहे, कंबरेवर ठरलेल्या जागी एक प्रथिन बसतं. तुझ्या रक्तातले राखणदार त्या घरच्या माणसालाच चोर समजतात. रिपोर्टात तेवढंच लिहिलंय. पुढचं निदान डॉक्टर तुझी बोटं, कातडी, छाती सगळं तपासून करतील.

आणखी एक सांगितलं, ते इथेही लिहिते. हे प्रथिन आधी सापडलं आणि त्याविरुद्धचे प्रतिपिंड मागून, असं झालेलं नाही. कातडी घट्ट होणाऱ्या स्क्लेरोडर्मा या आजाराच्या रुग्णांच्या रक्तात असे राखणदार होते. त्यांच्याच मदतीने विल्यम अर्नशॉ आणि नाओमी रॉथफील्ड यांनी 1985 मध्ये सेन्प-ए, बी आणि सी ही तिन्ही प्रथिनं ओळखली. राखणदार ज्याच्यावर धावून जात होते, त्याचा माग काढत.

आत्या थोडा वेळ बोलली नाही. मग तिने विचारलं, "मंग ते बठस कठे, माले परत सांग."

बठस. बसतं. तिने क्रियापद आपणहून उचललं.