आईला दुसऱ्याच्या संडासाचं औषध द्यायचं का? घरात भांडणं लागलीत

रेणापूरकर
सरळच लिहितो, किळस येत असेल तर पुढं वाचू नका.

आई ६८ वर्षांची. पोळ्याच्या आदल्या दिवशी ओसरीवरून घसरली, खुबा मोडला, एका मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं, त्याची तक्रार नाही. पण तिथं दोन-दोन अँटिबायोटिक आणि वरून रोज सकाळी गॅसची गोळी, आणि घरी आणल्यावर आठव्या दिवशी जुलाब चालू. दिवसाला बारा-पंधरा वेळा. वॉकरवर चालणारी बाई, संडास अंगणाच्या पलीकडं, पोचायच्या आधीच व्हायचं आणि मग ती रडायची. गावातल्या डॉक्टरनं गॅस्ट्रो म्हणून अजून एक अँटिबायोटिक दिलं, म्हणजे आगीत रॉकेल. शेवटी लातूरला संडासची तपासणी केली तेव्हा नाव कळलं, क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसील. डॉक्टर लोक सी डिफ म्हणतात. अँटिबायोटिकनं पोटातले चांगले जंतू मेले की रान मोकळं मिळतं आणि हे माजतं.

त्याला औषध व्हँकोमायसिन. शिरेतून नाही, प्यायला. इंजेक्शनचीच बाटली पाण्यात कालवून दिवसातून चार वेळा. दहा दिवस बरं वाटलं, बंद केलं की पंधरा दिवसात परत. असं तीनदा झालं. आता पुण्याचे पोटाचे डॉक्टर म्हणतात मल-प्रत्यारोपण करू, एफएमटी. निरोगी माणसाची शी तपासून, सलाईनमध्ये कालवून, गाळून, दुर्बिणीच्या नळीतून आईच्या मोठ्या आतड्यात सोडायची. आपल्या पोटात ३८ लाख कोटी बॅक्टेरिया असतात म्हणे (बजेटचा आकडा वाटतो), त्यांची वस्ती परत बसवायची.

दादा नाही म्हणला. वडील काहीच बोलले नाहीत, उठून शेतात गेले. आत्या म्हणली, माळकरी बाई, कांदा-लसूण सुद्धा कधी शिवली नाही, तिच्या पोटात असलं घालता का? आणि मग हळूच विचारलं, "कुणाचं हाय ते?"

माझं मत: किळस हे कारण होऊ शकत नाही. २०१३ साली नेदरलँड्समध्ये याची ट्रायल झाली. ज्यांना हे दिलं त्या १६ पैकी १३ पहिल्याच डोसला बरे, दुसरा डोस धरून १५. नुसत्या व्हँकोमायसिनवाल्या १३ मधले ४ बरे. फरक एवढा दिसला की ट्रायल मधेच थांबवली. मग आपण नाक कशाला मुरडायचं?

गोदाकाठ
वा. आम्ही गोमूत्र म्हणलं की तुम्ही शिकलेले लोक हसता आणि गोऱ्यांनी माणसाची विष्ठा दिली तर ती सायन्स. पंचगव्यात गोमय आहेच की.

नाईट ड्युटी
@गोदाकाठ काका, गोऱ्यांचं पण नाही ते. चौथ्या शतकात चीनमध्ये गे होंग नावाचा वैद्य होता, विषबाधा आणि जोराच्या जुलाबात विष्ठेचं पातळ पाजायचा, तसं लिहून ठेवलंय त्यानं. पुढं तिथं त्याला पिवळं सूप म्हणायला लागले. डेन्व्हरच्या आयझमन नावाच्या सर्जननं १९५८ साली चार पेशंटला एनिमातून दिलं ते त्यानंतर दीड हजार वर्षांनी. म्हणून जुनं का नवं, गोरं का पिवळं याच्यावर काहीच ठरत नाही. अर्ध्या पेशंटला हे, अर्ध्यांना ते, आणि मोजायचं. गोमूत्राची सी डिफवर अशी ट्रायल दाखवा, मी स्वतः वॉर्डात सांगतो.

गोदाकाठ
ट्रायलला पैसे कोण देणार? गोमूत्राचं पेटंट घेऊन कंपनीला काय मिळणार?

नाईट ड्युटी
संडासाचं तरी सुरुवातीला काय मिळत होतं काका 😀

मेडिकलवाला परभणी
किळसेचं सोडा हो. मी विरोधात आहे आणि वेगळ्या कारणानं आहे.

१९ वर्षं काउंटरवर बसतोय. सकाळी शटर वर केलं की पहिलं गिऱ्हाईक म्हणतं, भाऊ ते तीन गोळ्याचं पाकीट द्या, घसा बसलाय. तीन परवडत नसल्या तर दोन द्या म्हणतं. २०१४ पासून शेड्यूल एच-वन आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय न द्यायच्या औषधांची यादी, लाल चौकट आहे, रजिस्टरमध्ये पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव लिहायचं असतं. कोण किती लिहितंय मला माहिती आहे आणि मी पण धुतल्या तांदळाचा नाही. नाही दिलं तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं, त्याचं बिस्किटाचं पण बिल तिकडंच होतं.

आता सांगा, अशा गावात 'निरोगी' पोट कुठून आणणार? वरून माणूस पैलवान दिसतो पण आतड्यात औषधाला दाद न देणारे जंतू घेऊन फिरतो, त्याला स्वतःला काहीच होत नाही. २०१९ ला अमेरिकेत हेच झालं. एकाच डोनरचा माल दोन पेशंटला गेला, दोघांची प्रतिकारशक्ती आधीच कमी. त्यातून ईएसबीएलवाला, म्हणजे बऱ्याच अँटिबायोटिकला दाद न देणारा, ई. कोलाय जंतू रक्तात गेला, एक मेला. त्या मालाची नेमकी तीच टेस्ट केलेली नव्हती. अमेरिकेत हे, तर आपल्याकडं कोण बघणार? आज पुण्यात, उद्या प्रत्येक तालुक्याला बोर्ड लागतील, 'पोटाच्या सर्व विकारांवर'. मूळव्याधीचे बोर्ड बघितलेत ना बस स्टँडमागं?

रेणापूरकर
@मेडिकलवाला भाऊ हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना विचारतो.

नाईट ड्युटी
मेडिकलवाले भाऊंचा मुद्दा खरा आहे, म्हणूनच आता एचआयव्ही, कावीळ बी-सी, सिफिलिस, जंत, या सगळ्याबरोबर रेझिस्टंट जंतूंची टेस्ट पण करतात, आणि अलीकडच्या काही महिन्यांत अँटिबायोटिक घेतलं असलं तरी डोनर बाद. बॉस्टनकडं एक स्टूल बँक होती, तिथं अर्ज करणाऱ्या शंभरातले दोन-तीनच पास व्हायचे. पण भाऊ, तुम्ही धोका एकाच बाजूचा मोजताय. दिवसाला पंधरा जुलाब, ६८ वय, चौथ्यांदा सी डिफ, यात पण माणूस जातो. आणि दरवेळी परत व्हँकोमायसिन म्हणजे उरलेसुरले चांगले जंतू पण साफ.

बोर्डाबद्दल मात्र शंभर टक्के सहमत. हे पक्कं सिद्ध झालंय ते परत परत होणाऱ्या सी डिफसाठीच. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा) थोडा फायदा दिसतो, ऑस्ट्रेलियाच्या २०१९ च्या ट्रायलमध्ये दुसऱ्याचं दिलेल्यांत ३२ टक्के बरे, स्वतःचंच दिलेल्यांत ९ टक्के, म्हणजे तिथं पण तिघातल्या दोघांना नाही. आपल्याकडं लुधियाना आणि दिल्ली एम्समध्ये त्यावर काम झालंय. आयबीएसला (आतड्यात जखम नसताना सारखं पोट बिघडणं) तर डेन्मार्कच्या ट्रायलमध्ये खोट्या कॅप्सूलवाल्यांनाच जास्त बरं वाटलं 🤦 वजन उतरवायला, ऑटिझमला, साखरेला म्हणून कुणी करायला लागलं तर चप्पल घालून निघायचं.

ज्वारीवाली
मी शास्त्र शिकलेली नाही, अंगणवाडीत आहे. तुम्ही सगळे वरवरचं बोलायलात. आमच्या सासूबाईंच्या ताटात दोन्ही वेळा ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, दुपारी ताक. आता त्याच घरात सकाळी चहा-खारी, दुपारी रेशनच्या गव्हाची पोळी, संध्याकाळी पोरं पाच रुपयाचं पाकीट फोडतात. ज्वारी पेरायलाच कुणी तयार नाही, सगळं सोयाबीन. पोटातल्या जंतूंना उपाशी मारायचं आणि मग दुसऱ्याचे उसने आणायचे, हे कसलं डोकं?

साधा माणूस जालना
ताई भाकरीनं सी डिफ जातो का? तो पेशंट आत्ता आजारी आहे.

ज्वारीवाली
जातो असं म्हणलं का मी? नीट वाचा. नवीन जंतू सोडल्यावर ते काय खाऊन जगणार एवढंच विचारते. खारी?

नाईट ड्युटी
ताईंना हसू नका. आपण न पचवता पुढं ढकललेला चोथा आतड्यातले जंतू खातात आणि त्यातून ब्युटिरेट करतात, आतड्याच्या अस्तराचं ते खाणं आहे. आणि मी वर एम्सचं म्हणलं ना, त्यांच्या कोलायटिसच्या ट्रायलमध्ये एफएमटीच्या जोडीला मुद्दाम वेगळा आहार दिला होता. पण आत्ता जुलाब चालू असताना लगेच चोथा वाढवू नका रेणापूरकर, डॉक्टरला विचारून.

ढोराचा कंपाउंडर
मी माणसाचं बोलत नाही, ढोराचं बोलतो.

सुगीत एकदा एका शेतकऱ्याचा बैल दावं तोडून खळ्यावर गेला, रात्रभर ज्वारीच्या राशीत तोंड घालून बसला. सकाळी पोट ताठ, रवंथ बंद, मान टाकलेली. डॉक्टर साहेबांनी सलाईन लावलं, सोडा पाजला, पोट उतरलं पण बैल तीन दिवस रवंथच करीना. वैरण पुढं टाकली की नुसता हुंगायचा. मग साहेब म्हणले दुसरा बैल आण. धडधाकट बैल रवंथ करत उभा होता, मी त्याची जीभ बाजूला धरली आणि तोंडात हात घालून गोळा काढला. ऊन ऊन, हिरवा, आंबूस वास. कोमट पाण्यात कालवला, फडक्यानं गाळला, नाळ्यानं आजारी बैलाला पाजला. दोन दिवस असंच केलं. तिसऱ्या दिवशी पहाटे मालकाचा फोन, बैल रवंथ करूलालाय म्हणून. माणूस रडत होता हो फोनवर.

आम्हाला कोर्सला पण शिकवलंय हे, जुनी माणसं तर न शिकवताच करायची. धान्य जास्त झालं की पोट आंबतं, पचवणारे जंतू मरतात, ते दुसऱ्याकडून आणायचे. बैलाला चालतं ते आईला काऊन नाही, एवढंच मला कळंना.

गोदाकाठ
बैलाची रवंथ आहे ती, शेण नाही. फरक आहे.

ढोराचा कंपाउंडर
घोडीचं शिंगरू आईची लीद खातंय, ते बघितलं नाही वाटतं तुम्ही.

साधा माणूस जालना
एक मिनिट. सगळे जंतू-जंतू करायलेत पण धाग्यातलं खरं वाक्य वरच राहिलं. आत्याबाईंनी विचारलं, "कुणाचं हाय ते?" मला यात किळस दिसत नाही, दुसरंच दिसतंय. घाणच वाटत असती तर सगळ्यांचीच सारखी वाटली असती. 'कुणाचं' कशाला विचारायचं? आमच्या गावात पाण्याच्या हंड्याला हाच प्रश्न विचारायचे. डोनर कोण हे बहुतेक सांगतच नाहीत, आणि तिथंच घरच्यांचं अडलंय असं माझं स्पष्ट मत. रक्ताच्या बाटलीला विचारलं का खुब्याच्या ऑपरेशनला?

रेणापूरकर
नाही विचारलं. दोन बाटल्या चढल्या. वाईट वाटलं वाचून पण खोडता येत नाही. आत्याची बाजू घेत नाही, पण दादा पण म्हणला होता घरातलंच कुणाचं तरी घेऊ, परक्याचं नको.

मेडिकलवाला परभणी
दादांच्या बोलण्यात तथ्य आहे की, घरच्याचा इतिहास तरी माहिती असतो.

नाईट ड्युटी
घरचा माणूस पण सगळ्या टेस्ट पास झाला तरच. उलट घरच्याला लाजेखातर खोटं बोलावं लागतं. कुठं कुठं जाऊन आला हे आईसमोर कोण सांगणार?

ज्वारीवाली
एक विचारू का. आत्या, दादा, डॉक्टर, बैल, सगळ्यांचं झालं. आईंना कुणी विचारलं का?

रेणापूरकर
नाही ताई. तिला 'पुण्याला औषध बदलायचंय' एवढंच सांगितलंय. आज बोलतो.

(तीन दिवसांनी)

रेणापूरकर
खूप जणांनी मेसेज केले म्हणून लिहितो. मेडिकलवाले भाऊ, तुमची रेझिस्टंट जंतूवाली टेस्ट डॉक्टरांना विचारली, करतात, रिपोर्ट दाखवायला पण तयार आहेत. घरच्या डोनरचा विषय आपोआप मिटला. मला साखर आहे म्हणून बाद. दादाचं वजन १०४, बाद. भाचा २२ वर्षांचा, घोड्यासारखा, आम्हाला वाटलं हाच, तर पिंपल्सच्या गोळ्या दीड महिना खात होता, त्या पण अँटिबायोटिक निघाल्या. कुणाच्या चिठ्ठीवर आणल्या विचारलं तर म्हणे मेडिकलवाल्यानंच दिल्या (तुमचं दुकान नाही भाऊ, लातूरचं). म्हणजे दवाखान्याकडचं, नाव न कळणाऱ्या माणसाचंच घ्यावं लागणार.

आईला काल रात्री सगळं सांगितलं, बैलाची गोष्ट पण सांगितली. ती म्हणली तिच्या वडिलांनी असंच केलेलं तिनं बघितलंय, तिच्या हातात कंदील होता. मग विचारलं, "तोंडानं नाही ना द्यायचं?" मी म्हणलं नाही, खालून, गुंगी देऊन. म्हणली, "मग कुणाचंबी घाला, हे थांबलं पायजे. रोज सुनंनं धुवायचं, मला मेल्याहून मेल्यासारखं होतंय." थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणली, "तुझ्या आत्याला सांगू नको. ते रद्द झालं म्हण, मोतीबिंदू दाखवायला न्यायलोय म्हण."

दादा तयार झालाय, म्हणजे आईपुढं त्याचं चाललं नाही. पुढच्या मंगळवारची तारीख आहे.

साधा माणूस जालना
आत्याला खोटं सांगणं पटलं नाही, पण आईंचा शब्द शेवटचा.

मेडिकलवाला परभणी
माझा विरोध तालुक्याच्या बोर्डाला आहे, आईंना नाही. झाल्यावर कळवा. आणि ती गॅसची गोळी अजून चालू आहे का ते एकदा विचारून घ्या डॉक्टरांना, तिचा पण यात हात असतो.

रेणापूरकर
चालूच होती भाऊ, कुणी बंद करा म्हणलंच नव्हतं. विचारतो.

आणि आत्ताच आत्याचा फोन येऊन गेला, कुठला डोळा म्हणून. मी डावा म्हणलं. अर्ध्या तासानं दादाला केला, तो उजवा म्हणला.