ट्यूबखालची परात रिकामी का राहते?

माळव्याची मावशी: इंदूरला राजेंद्रनगरात 40 वर्षं राहतेय. पूर्वी पहिला पाऊस पडला की सासूबाई ओट्यावरच्या ट्यूबखाली पाण्याची परात ठेवायच्या. तासाभरात ती पंखवाल्या किड्यांनी भरायची, आणि सकाळी ओट्यावर पंखांचा नुसता खच. हल्ली परातीत जेमतेम दहा-बारा सापडतात. मागच्या मेंदीच्या कुंपणात काजवे असायचे, तेही गेले. नातीनं अजून काजवा पाहिलेला नाही. हे आमच्याच गल्लीत आहे की सगळीकडे? जिवाला फार लागलंय.

सांवेरचा शेतकरी: मावशी, शेतातही तेच. आजोबा ज्वारी, तूर, कपाशी घ्यायचे. आता खरिपात सगळं सोयाबीन. बियाण्याला थायमेथोक्झाम हे कीटकनाशक लावूनच पेरतो. त्यातलं थोडंच रोपात जातं, बाकी मातीत राहतं. युरोपात 2018मध्ये उघड्या शेतात ते वापरायला बंदी झाली, मधमाश्यांपायी. बांधावर तणनाशक मारून रानफुलंही आम्हीच घालवली. दोन वर्षं झाली, विहिरीकडच्या बांधावर काही मारत नाही.

किडेवाले सर: मावशी, ओट्यावर आता एलईडी आहे का? परातीतले किडे म्हणजे पंख फुटलेली वाळवी. जुन्या ट्यूबमधून थोडे अतिनील किरण निघतात, त्यांना किडे ओढले जातात. एलईडीत ते जवळजवळ नसतात. म्हणून नुसत्या परातीवरून ठरवू नका. जर्मनीत क्रेफेल्डच्या हौशी अभ्यासकांनी 63 संरक्षित ठिकाणी एकाच पद्धतीचे सापळे लावले, म्हणून त्यांचं मोजमाप धरता येतं: 1989 ते 2016 या काळात उडणाऱ्या किड्यांचं वजन 75 टक्क्यांहून जास्त घटलं. काजव्यांचं दुखणं निराळं. ते लुकलुकून जोडीदार शोधतात, गल्लीभर उजेड असला की चुकामूक होते. त्यांच्या अळ्या ओल्या मातीत, पाचोळ्यात गोगलगायी खाऊन वाढतात. तिथे फरशी बसली की त्या जाणार कुठे?

माळव्याची मावशी: एलईडीच आहे हो! माळ्यावरची जुनी ट्यूब काढून काल लावली, रात्री पाऊसही झाला. सकाळी 172 पंख मोजले. एकाला चार, म्हणजे 43 किडे. दहा-बारापेक्षा बरे, पण पूर्वी सुपानं भरावे लागायचे. मागच्या अंगणात मीच हौसेनं फरशी घातली होती. कुंपणालगतची काढायला गवंड्याला सांगितलंय. मागचा दिवाही रात्री बंद ठेवणार. शेतकरीदादा, तुमच्या बांधावर नातीला आणू का?

सांवेरचा शेतकरी: या की मावशी. परवा विहिरीकडे तीन काजवे दिसले. आठनंतर या, आणि तिथे टॉर्च लावू नका.