मायक्रो-सीटी (लहान प्राण्यांचं बारीक ३डी एक्स-रे स्कॅन): वॅट वाढवले की उंदराचं फुप्फुस धूसर. एक्स-रे सोर्सच बदलावा का?

व्होक्सेल: टंगस्टन टार्गेटची (इलेक्ट्रॉन आदळून एक्स-रे निघतात तो धातू) मायक्रोफोकस ट्यूब, १० वॅटला १० मायक्रॉन स्पॉट (एक्स-रे निघतात तो ठिपका). सोर्स ते उंदीर १५० मिमी, सोर्स ते डिटेक्टर ६०० मिमी, पिक्सेल ५० मायक्रॉन. एका फ्रेमला १ सेकंद लागतो. ४० वॅटवर फ्रेम लवकर होते, पण चित्र आणखी धूसर. लिक्विड-मेटल-जेट (घन टार्गेटऐवजी द्रव धातूची धार असलेला सोर्स) घेतल्याने सुटेल का?

अर्धछाया: घन टार्गेट मायक्रॉनमागे साधारण १ वॅटच सोसतं, त्यापुढे वितळून खड्डे पडतात. म्हणून ट्यूब ४० वॅटला स्पॉट आपोआप ४० मायक्रॉन करते. तुमचं मॅग्निफिकेशन ४ (६०० ÷ १५०), त्यामुळे उंदराच्या जागी धूसरपणा ७.५ वरून ३० मायक्रॉनवर गेला. पिक्सेल तिथे १२.५ चाच आहे.

पण १० वॅटलाही धूसर असेल तर दोष श्वासाचा. मृत उंदीर त्याच सेटिंगवर स्कॅन करा. तो स्पष्ट आला तर खात्रीच. आयसोफ्लुरेनच्या भुलीखाली मिनिटाला ६० श्वास म्हटले तरी १ सेकंदात अख्खा श्वास येतो. उच्छ्वास संपल्यावरचे १००–२०० मिलिसेकंदच टिपायचे, म्हणजे गेटिंग करायचं. भूल फार खोल गेली की श्वास आचके दिल्यासारखा होतो आणि गेटिंग चुकतं. उंदराचं अंग ३७ अंशांवर ठेवा.

आणि खर्चाआधी दोन्ही अंतरं निम्मी करून पाहा. मॅग्निफिकेशन तेच, फोटॉन चौपट! एक्स-रेच्या शंकूचा कोन वाढतो, त्यामुळे टोकाचे स्लाइस थोडे बिघडतात, एवढंच.

गॅलियम३१: जेटमध्ये टार्गेट आधीच वितळलेलं आणि सतत नवं, म्हणून २० मायक्रॉनवर साधारण २५० वॅट जातात. पण जेटचा गॅलियम-इंडियम मिश्रधातू नीट निवडा. गॅलियमची रेषा (त्या धातूचे ठरावीक ऊर्जेचे एक्स-रे) ९.२५ केईव्हीची (केईव्ही हे ऊर्जेचं एकक); २ सेंमी ऊतीतून ती जवळजवळ पोचतच नाही, नुसता त्वचेला किरणांचा डोस. तुमच्या कामाची इंडियमची, २४ केईव्हीची. तिचा सुमारे एक तृतीयांश भाग पार होतो. इंडियम जास्त असलेला मिश्रधातू घ्या आणि ०.५ मिमी ॲल्युमिनियमचा फिल्टर लावा: गॅलियमची रेषा शेकडा एक-दोनवर येते, इंडियमची तीन चतुर्थांश उरते. फिल्टर चेंबरच्या बाहेरच हवा. गॅलियम लागलं की ॲल्युमिनियम ठिसूळ होतं.

व्होक्सेल: मग जेटवर व्होक्सेल (३डी चित्राचा सर्वांत लहान ठोकळा) ६ मायक्रॉनपर्यंत नेता येईल?

अर्धछाया: जिवंत उंदरात नको. नॉइज (चित्रातला कणीदारपणा) तेवढाच ठेवून व्होक्सेल निम्मा केला तर डोस १६ पट लागतो, सोर्स कितीही प्रखर असो. प्रखर सोर्स वेळ वाचवतो, डोस नाही. शिवाय २० मायक्रॉनचा स्पॉट मॅग्निफिकेशन ४ ला १५ मायक्रॉन धूसर करतो; मॅग्निफिकेशन २ वर आणा आणि बारीक पिक्सेलचा डिटेक्टर बघा.