अकराही खेळाडू पास झेलू शकतात का?

प्रश्न (ओहायोची मावशी): भाचा हायस्कूलमध्ये अमेरिकन फुटबॉल खेळतो, पुढच्या लाइनवर, नंबर ६४. म्हणतो, "मला पास झेलायची परवानगीच नाही." मग 'ए-११' नावाच्या डावपेचात अकराही जण कसे झेलायचे?

जुना पंच: मावशी, अकरा कधीच नव्हते! लाइनवर सात जण, त्यातले फक्त दोन टोकांचे पास झेलायला पात्र. मागचे चार धरून सहा. ५० ते ७९ नंबरवाले एरवी अपात्रच. कॅलिफोर्नियातल्या पीडमाँट हायस्कूलने २००७ मध्ये पळवाट काढली. किकच्या रचनेत, म्हणजे स्नॅप (खेळ सुरू करताना मागे दिलेला चेंडू) घेणारा किमान सात यार्ड मागे असला, की नंबरांची अट सुटायची. मग त्यांनी सगळ्यांनाच पात्र नंबर दिले. मध्ये तिघे, दोन्ही बाजूंना तीन-तीन, मागे दोन क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारे. स्नॅपच्या आधी कोण लाइनवर थांबतो आणि कोण पाऊलभर मागे सरतो, म्हणजे पात्र सहा कोण, हे बचाववाल्यांनी क्षणात ओळखायचं. आम्हा पंचांचेही हालच!

शुक्रवारचा प्रेक्षक: चक्क फसवणूक.

जुना पंच: फसवणूक कसली? नियमात बसत होतं. नियम ढिसाळ होता. ती सवलत खरं तर पंटसाठी (चेंडू लाथेने दूर उडवण्यासाठी), लांब स्नॅप टाकणाऱ्यासाठी होती. २००९ मध्ये हायस्कूल खेळांच्या राष्ट्रीय महासंघाने ती आवळली.

मावशी: म्हणजे ६४ ला आशा नाही?

जुना पंच: पुढे टाकलेला पास नाही. पण चेंडू हातातून सुटून जमिनीवर पडला, तर उचलून खुशाल पळू दे त्याला. आणि टेक्सासचे व्हिडिओ दाखवू नका, तिथे हायस्कूलही कॉलेजच्या नियमांनी खेळतं.